नाव कंपनीचे, संहिता सर्वांची

शाळेच्या फलकावरची सूचना बदलायला खडू आणि फडके पुरते. वेबसाइटवरची सूचना बदलायची तर पूर्वी ते पान सांकेतिक भाषेत हाताने दुरुस्त करावे लागे. मजकूर-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरने ही अडचण दूर केली. मजकूर डेटाबेसमध्ये असतो, पानाची मांडणी वेगळ्या साच्यात. वाचकाने पान मागितले की दोन्ही जोडून ते तयार होते.

ऑस्ट्रेलियातील मिरो कंपनीचे ‘मॅम्बो’ हे असेच एक सॉफ्टवेअर. २००१ मध्ये कंपनीने ते जीपीएल परवान्याखाली खुले केले. संहिता, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र वाटताना पुढच्यालाही तेच हक्क द्यावेत, ही त्या परवान्याची अट. देशोदेशीचे प्रोग्रॅमर तीत भर घालू लागले.

२००५ मध्ये वाद उद्भवला. मॅम्बोसाठी नव्याने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानात आपल्याला पुरेसे स्थान नाही, असे म्हणत मुख्य प्रोग्रॅमर ऑगस्टमध्ये बाहेर पडले. मग इतक्या वर्षांचे श्रम वाया गेले का? नाही. नाव नेता आले नाही, संहिता मात्र नेता आली. सप्टेंबरमध्ये ती ‘जूमला’ या नावाने प्रसिद्ध झाली. हे नाव स्वाहिली भाषेतल्या शब्दावरून घेतलेले. अर्थ ‘सगळे मिळून’. तो शब्द मूळचा अरबी, आणि आपला ‘जुमला’ही त्याच मुळाचा.

आम्हाला यात महत्त्वाचा वाटतो तो परवाना. भांडणानंतर हक्क मागावे लागले नाहीत. ते आधीच लिहून दिलेले होते. मॅम्बो पुढे मागे पडले. जूमला आजही वापरात आहे.