सायकलचे कुलूप

उभी केलेली सायकल चोरीला जाऊ नये म्हणून चाकाला किंवा सांगाड्याला लावायचे साधन. मागच्या चाकावरचे गोल कुलूप, साखळीचे वा तारेचे कुलूप आणि यू आकाराचे पोलादी कुलूप हे त्याचे नेहमीचे प्रकार.

भारतात पिढ्यानपिढ्या गोल कुलूपच चालले. त्याची दांडी आऱ्यांतून सरकली की चाक अडते, पण सायकल जागेला बांधली जात नाही. वीसेक किलोच्या काळ्या सायकलीला, तीही राखणदार असलेल्या स्टँडवर, तेवढे पुरत असे. आजची अ‍ॅल्युमिनियमची सायकल बरीच हलकी. कुलपासकट उचलून टेम्पोत टाकायला कितीसा वेळ लागतो? लांबच्या फेरीत चहाला थांबतानाही ती पक्क्या खांबाला बांधावी. बारीक तारेचे कुलूप साध्या कटरने तुटते. सायकल नजरेसमोर असेल तरच त्यावर भिस्त ठेवावी.

यू कुलपाचा प्रसार अमेरिकेतून झाला. मायकेल झेन यांनी १९७१ मध्ये क्रिप्टोनाइट ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये या कुलपाने खांबाला जखडलेली एक सायकल तीस दिवस रस्त्यावर ठेवली गेली. चोरांनी सुटणारा एकूण एक भाग काढून नेला; कुलूप मात्र तुटले नाही. या चाचणीची जाहिरात कुलपाच्या ताकदीसाठी झाली, पण सायकलस्वाराने लक्षात ठेवायचा तो तिचा पहिला भाग. क्विक रिलीजचे पुढचे चाक आणि सीट हाताने निघतात, हे चोरालाही ठाऊक असते. थांबा मोठा असेल तर पुढचे चाक काढून मागच्या चाकाबरोबर कुलपात घ्यावे, दिवे व मीटर खिशात टाकावेत.

कुलूप कोठून घालावे, याची सर्वांत उपयुक्त रीत अमेरिकी सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी सांगितली. सांगाड्याच्या मागच्या त्रिकोणाच्या आतून, रिम व टायरभोवती छोटे यू कुलूप घालून ते खांबाला अडकवायचे. चाक त्या त्रिकोणातून ओढून काढता येत नाही, त्यामुळे एका कुलपात चाक आणि सांगाडा दोन्ही अडकतात. कुलूप लहान असल्याने पहार घालून पिळायलाही जागा उरत नाही.

महाग कुलूपही अभेद्य नसते. २००४ मध्ये नळीसारख्या किल्लीची यू कुलपे बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात हे उघड झाले आणि क्रिप्टोनाइटला ती मोफत बदलून द्यावी लागली. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे आज बहुतेक कुलपे हार खातात. मात्र त्याचा आवाज आणि ठिणग्या लपत नाहीत, म्हणून आडोशापेक्षा वर्दळीची जागा बरी.

सांगाड्यावर, बहुधा पायडलच्या आसाखाली, क्रमांक कोरलेला असतो. तो खरेदीच्या दिवशीच पावतीवर उतरवून घ्यावा आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. चोरीची तक्रार नोंदवताना आणि सापडलेली सायकल आपलीच हे दाखवताना तोच कामी येतो.