चांदीचे सूक्ष्मकण आणि न भरणारी जखम

पाटसच्या उसात अनवाणी दारे धरणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याच्या तळव्यात उसाचा बुडखा घुसला, तरी त्याला ते कळेलच असे नाही. जुन्या मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा घटतो. मग जखम महिनोन् महिने उघडी राहते आणि तीत जंतू घर करतात. या जंतूंवर चांदी चालेल का?

चांदीचे औषधी गुण जुनेच. 1880 च्या सुमारास लाइपझिगचे डॉ. क्रेडे नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालू लागले. 1889 मध्ये अमेरिकेत केरी ली यांनी चांदीचे कलिल बनवले. त्यातील कण 10 नॅनोमीटरहूनही लहान होते. ‘नॅनो’ची घोषणा मात्र शंभर वर्षांनी झाली! प्रतिजैविके आली आणि चांदी मागे पडली. पुढे 1968 मध्ये फॉक्स यांनी भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझिन आणले. दवाखान्यातले पांढरे मलम ते हेच.

कण लहान केल्याने काय साधते? 1 मिलिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ 6 चौरस मिलिमीटर. त्याचेच 10 नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ लाखपट, म्हणजे 0.6 चौरस मीटर होते. चांदीचे आयन सुटतात ते पृष्ठभागावरून, म्हणून थोडी चांदी पुष्कळ काम करते. (हे गणित नववीच्या वर्गात जरूर द्यावे.)

पाटसहून साठ-पासष्ट किलोमीटरवर, पुण्यात, याचा प्रत्यय आला. शं. पु. आघारकरांनी 1946 मध्ये स्थापलेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीच्या संस्थेला 1992 पासून आघारकर संशोधन संस्था म्हणतात. तेथील डॉ. किशोर पाकणीकर व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 7 ते 20 नॅनोमीटरच्या चांदीकणांचा त्वचेवर लावण्याचा जेल प्रसिद्ध केला. नेहमीच्या मलमाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 3 मिलिग्रॅम चांदी असते. येथे तिच्या तिसाव्या भागात जंतूंवर तुल्यबळ परिणाम मिळाला. मला त्याहून मोलाचे वाटते ते दुसरे निरीक्षण. जुनाट जखमेत नवी ऊती कुरतडणारी, एमएमपी–2 व 9 ही विकरेही या कणांनी रोखली.

पण ही किमया प्रयोगशाळेतली. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या त्वचेवर जेल निर्धोक ठरला, तरी मधुमेही पाऊल ही निराळी परीक्षा आहे. 2006 च्या कॉक्रेन आढाव्यात मधुमेही पायाच्या जखमांवर चांदी वापरून पाहणारी, निकषात बसणारी एकही चाचणी सापडली नाही. 2019 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने तर केवळ जखम लवकर भरावी म्हणून जंतुनाशक पट्ट्या वापरू नयेत असे सांगितले. तिथे आधी येतात ती कामे जुनीच: मृत ऊती काढणे, तळव्यावरचा भार हटवणे, रक्तपुरवठा तपासणे आणि साखर आटोक्यात ठेवणे.