फोपनारचे सात बुद्ध

बऱ्हाणपूर म्हटलं की लोकांना मुमताजमहल आठवते, जिलेबी आठवते, फार तर असीरगड. फोपनार कुणाच्या तोंडी येत नाही. पण १९६४ साली या गावच्या जमिनीतून बुद्धाच्या सात धातुमूर्ती निघाल्या. पाचव्या-सहाव्या शतकातल्या, म्हणजे अजिंठ्याची लेणी कोरली जात होती त्याच सुमाराच्या. फोपनारचा बुद्ध आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभा आहे.

जमिनीत सापडलेलं दहा रुपयांच्या वरचं काहीही कलेक्टरला कळवायचं, हा १८७८चा कायदा. पण कायदा असला म्हणून सगळं सरकारजमा होतंच असं नाही. फोपनारच्या तीनच वर्षं आधी, १९६१ साली, नालंद्याच्या संग्रहालयातून चौदा मूर्ती चोरीला गेल्या होत्या. कुलूप होतं, पहारा होता, तरी गेल्या. त्यातला एक बुद्ध २०१८मध्ये युरोपातल्या एका कलाबाजारात विक्रीला आलेला दिसला आणि लंडनच्या पोलिसांनी तो १५ ऑगस्टला भारताच्या हवाली केला. तो ओळखता आला, कारण पुरातत्त्व खात्याकडे त्याचे जुने फोटो होते.

मूर्तीची चोरी म्हणजे गावातलं भुरटं प्रकरण, असं आपण समजतो. तसं ते राहिलेलं नाही. चोर एका देशात, खोटे कागद दुसऱ्या देशात, गिऱ्हाईक तिसऱ्या. सीरिया-इराकमधल्या पुराणवस्तू विकून अतिरेकी पैसा उभा करतात म्हणून २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला त्या व्यापारावर बंदी घालावी लागली. आपल्याकडचा सुभाष कपूर न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटून बसला होता. २०११मध्ये जर्मनीत पकडला गेला, पुढच्या वर्षी भारतात आणला, आणि शिक्षा झाली २०२२मध्ये, कुंभकोणमच्या कोर्टात. तमिळनाडूतल्या कितीतरी मूर्ती ओळखल्या गेल्या त्या पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५६पासून देवळोदेवळी काढून ठेवलेल्या फोटोंवरून. फोटो काढणाऱ्यांच्या मनात चोर नव्हते, अभ्यास होता.

आणि आमच्याकडे? माझ्या माहेरच्या मंदिरातली वीतभर उंचीची पार्श्वनाथांची पंचधातूची मूर्ती एका रात्रीत गेली. फौजदारांनी विचारलं, "फोटो आहे का, बाई?" नव्हता. भगवंतांचा फोटो काढणं म्हणजे अविनय, असं आजी म्हणायची, आणि आम्ही ते मोडलं नाही. किती फणे होते यावरसुद्धा दोन काकांचं एकमत होईना. रोज प्रक्षाळ करणारी माणसं ती! मागच्या बाजूला संवत आणि दात्याचं नाव कोरलेलं होतं, एवढं सगळ्यांना आठवत होतं. कुठला संवत, ते कुणालाच नाही.

जैनांच्या धातुमूर्तींवर पाठीमागे असा लेख बहुतेक असतोच. तो उतरवून ठेवला, चारी बाजूंनी फोटो काढले, उंची मोजून वहीत लिहिली, की मूर्ती परदेशी गेली तरी तिला पत्ता राहतो. १९७२च्या कायद्यात शंभर वर्षांवरच्या मूर्तीची नोंदणी सांगितली आहे, हस्तलिखित असेल तर पंच्याहत्तर. नोंदवलं तर सरकार घेऊन जाईल, या धाकाने पंचमंडळी गप्प बसतात. नोंदणीने मालकी जात नाही, हे मी तीन बैठकांत सांगून पाहिलं.

२०२१मध्ये अमेरिकेने १५७ वस्तू परत केल्या, त्यात नऊ जैन होत्या. मी बातमीतले फोटो मोठे करकरून पाहिले. आमचे पार्श्वनाथ त्यात असते, तर मला तरी ओळखता आले असते का?

परवा भाच्याला मोबाईल घेऊन मंदिरात नेलं. आधी मूलनायकाला नमस्कार केला, मग पाठीमागे टॉर्च धरला.