गाडी एकावन्नची, गाणं कितव्या सालचं?

आमच्या भाऊजींचं मत असं, की जुन्या मोटारीत नंतरच्या सालातलं गाणं लावणं म्हणजे सोवळं नेसून खिशात चामड्याचं पाकीट ठेवण्यापैकी आहे. सोवळ्याला खिसा नसतो, ही माझी शंका त्यांनी मनावर घेतली नाही. पुण्यामुंबईच्या रॅल्यांमध्ये त्यांनी हा भ्रष्टाकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. गाडी १९३४ सालची, चालवणाऱ्याच्या डोक्यावर साहेबी टोपी, आणि आतून ऐकू येतंय ते १९७३ सालचं! "त्या बिचाऱ्या गाडीला काय वाटत असेल!" असं म्हणून भाऊजी कळवळतात. आमच्या ताईला काय वाटत असेल, या विचारानं ते इतके कळवळल्याचं मी गेल्या चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही.

भाऊजींची गाडी म्हणजे १९५१ सालची एम. जी. टी. डी. इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. इंजिन १२५० सी. सी., ताकद ५४ घोड्यांची, माणसं दोन, दारं दोन आणि दारांना काचा शून्य. पुढची काचसुद्धा बॉनेटवर आडवी पाडता येते. ती पाडून गाडी हाणली, की नगर–मनमाड रस्त्यावरची धूळ मध्ये कुठंही न थांबता थेट नाकात येते. चासी लोखंडाची, पण वरच्या अंगाला आतून लाकडाचा सांगाडा. त्यामुळे बिल मिस्त्रीही देतो आणि सुतारही देतो.

आमच्या नगरला (२०२४ साली नाव अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं) जुन्या गाड्या म्हणजे खरं तर रणगाडे. त्यांचं एक संग्रहालयच इथं १९९४ पासून आहे. पण रणगाड्यांना संगीत लागत नाही. भाऊजींच्या गाडीला लागतं.

काटेकोर इंग्रज या गाडीला 'विंटेज' म्हणणारच नाही. त्याच्या पंचांगात विंटेज म्हणजे १९१९ ते १९३०. आपलं सरकार त्या मानानं उदार. २०२१ साली नियम निघाला, की पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी-चारचाकी विंटेज समजावी, नंबरात 'व्ही. ए.' अशी अक्षरं घालावीत आणि नवीन नोंदणीला वीस हजार रुपये घ्यावेत. मात्र अशी गाडी रोज रस्त्यावर फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढायची. त्यामुळे भाऊजी पेट्रोल फार थोडं थोडं भरतात.

आता इतिहासाला धरूनच बोलायचं तर या गाडीला शोभणारं संगीत म्हणजे शांतता. मोटारीतला रेडिओ तसा जुना. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली तो बाजारात आणला आणि 'मोटार'ला 'व्हिक्ट्रोला' या ग्रामोफोनचं शेपूट जोडून त्याचं नाव 'मोटोरोला' ठेवलं. पण भाऊजींच्या डॅशबोर्डावर रेडिओची जागाच नाही. आणि असता, तरी उघड्या गाडीत पन्नासच्या वेगाला बातम्या आणि भैरवी यांतला फरक कळला नसता. १९५६ साली अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीनं तर डॅशबोर्डाखाली चक्क ग्रामोफोन बसवला. मिनिटाला सोळा-सतरा फेरेच घेणारी खास तबकडी आणि सुई उडू नये म्हणून तिला जड हात. थोड्याच वर्षांत कंपनीनं तो नाद सोडला. नगर–मनमाड रस्त्यावर तो आठवडाभरात सुटला असता. फिलिप्सची कॅसेट आली १९६३ साली. म्हणजे १९५१च्या मालकाला गाणं हवं असेल, तर त्यानं ते स्वतःच म्हणायचं. भाऊजी म्हणू शकतात. पण शेजारी बसणाऱ्याला दाराची काच वर करायची सोय नाही.

त्यातून वायरिंगचा वांधा. या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. आजचा स्टिरिओ त्याला सरळ लावला, तर पहिल्या सुराच्या आत धूर. शेवटी भाऊजींनी नातवाचा चार्जिंगवर चालणारा स्पीकर चहाच्या जुन्या लाकडी पेटीत दडवला आणि पेटी पायाशी ठेवली. साधन आजचं असलं तरी ते दिसता कामा नये, एवढी सवलत त्यांनी स्वतःला दिली. गाण्याच्या सालाबाबत मात्र सवलत नाही.

त्यासाठी एक वही झाली. वहीत रकाने: गाणं, साल, देश, शेरा. पहिली चार पानं नुसत्या इंग्लंडच्या नाचाच्या बँडांनी भरली. गाडी इंग्रज, तेव्हा गाणं इंग्रज. ताईनं पोळी लाटता लाटता विचारलं, "अहो, पण एकावन्न साली तुम्ही काय ऐकत होता?"

"मी त्रेपन्नचा."

"मग तुमचं कसलं आलंय एकावन्न?"

या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता.

मी थोडं वाचून आणखी एक काडी टाकली. १९५० ते १९५३ या काळात टी. डी. सुमारे तीस हजार निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. म्हणजे ज्यांनी ही गाडी खरोखर चालवली, ते लोक अमेरिकन गाणी ऐकत होते. भाऊजी दोन दिवस गप्प होते. मग इंग्लंडच्या चार पानांवर तिरकी रेघ आली आणि पाचव्या पानावर कोल पोर्टर आला.

कोल पोर्टर पाहून मला हसू आलं, कारण तो नगरला येऊन गेलेला आहे. म्हणजे स्वतः नव्हे, त्याचं गाणं. 'बिगिन द बिगीन' हे त्याचं १९३५ सालचं, ब्रॉडवेवरच्या संगीतिकेतलं गाणं मेहेरबाबांना अतिशय प्रिय होतं. १९६९च्या जानेवारीअखेर बाबा गेले आणि फेब्रुवारीत अरणगावजवळ मेहेराबादच्या टेकडीवर त्यांना समाधी दिली, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार हे गाणं तिथं वाजवलं गेलं. आता हे गाणं कुठल्या सालचं आणि कुठल्या गावचं धरायचं? न्यूयॉर्कचं, पस्तीसचं? की नगर तालुक्याचं, एकोणसत्तरचं? भाऊजींनी शेऱ्याच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं. वहीतलं ते पहिलं प्रश्नचिन्ह. मला त्या वहीबद्दल आदर वाटू लागला तो तिथून.

मग आम्ही दोघांनी उलट बाजूनं सुरुवात केली. गाडी कुठली हे सोडून दिलं. रस्ता कुठला ते बघू म्हटलं. या जिल्ह्यानं त्या काळाला काय ऐकवलं? आणि तिथं १९१८ हे साल हाती लागलं. त्या एका सालात, पहिल्या चार महिन्यांत, या जिल्ह्यात तीन मुलं जन्माला आली. १६ एप्रिलला नगरच्या छावणीतल्या एका आयरिश तोफखानेवाल्याच्या घरी स्पाइक मिलिगन. हा पुढं विलायतेत ट्रम्पेट फुंकू लागला, आणि बी. बी. सी.वर त्यानं 'गून शो' नावाचा जो धुमाकूळ घातला, तो सुरू झाला नेमका १९५१ साली! त्याच्यानंतर नऊ दिवसांनी नगरलाच एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात शाहू मोडक, ज्यांनी पडद्यावर कृष्ण रंगवला आणि १९४० साली प्रभातच्या चित्रपटात ज्ञानेश्वर. आणि या दोघांच्या आधी, १२ जानेवारीला, गोदावरीकाठच्या पुणतांब्याला रामचंद्र नरहर चितळकर. म्हणजेच सी. रामचंद्र.

मिलिगनचं साल तर हातात हात घालून आलं होतं. पण भाऊजी म्हणाले, "तो बोलतो. मला गाणं पाहिजे." मग त्यांचं बोट चितळकरांच्या नावावर थांबलं. १९५१ साली चितळकरांनी काय केलं? 'अलबेला' केला!

यापुढं कसली वही न् कसलं काय! पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रोक्त शिकलेला हा पुणतांब्याचा मुलगा. यानं हिंदी चित्रपटाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याची ट्रम्पेटं, सॅक्सोफोन आणि बोंगो असे काही आणून बसवले, की लोक खुर्चीत बसून नाचू लागले. त्यांचे साहाय्यक चिक चॉकलेट हे गोव्याचे, मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवून नाव कमावलेले. त्यांचा बँड 'अलबेला'त पडद्यावरही दिसतो. चित्रपटाचे नायक आणि दिग्दर्शक आपले भगवानदादा. त्यांच्याकडे वाराप्रमाणे एकेक अशा सात मोटारी होत्या, अशी आख्यायिका आहे. पुढं साऱ्या गेल्या आणि माणूस दादरच्या चाळीत राहिला. मला विचाराल तर स्पोर्ट्स कारसाठी याहून लायक संगीत शोधून सापडणार नाही. ज्या पंडितजींनी बेचाळीस ते पंचेचाळीस आमच्या किल्ल्यात तुरुंगवास काढला, त्यांच्या डोळ्यांत १९६३ साली लताबाईंच्या गाण्यानं पाणी आलं, तेही गाणं चितळकरांचंच. पण त्रेसष्टचं, म्हणून गाडीत बाद.

'अलबेला' ठरल्याचं मी ताईकडे सांगितलं, तर आतून आत्या म्हणाली, "त्यात ती तुतारी आहे तोच ना?"

आत्या ताईकडेच असते. नव्वदीला आली आहे, आणि तिनं सिनेमाचं नाव घेतल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आमच्या आजोबांचं घर राहुरीला. घरात गाणं म्हणजे अभंग, तेही एकादशीला. १९५२च्या उन्हाळ्यात मुळेच्या काठी टुरिंग टॉकीजचा तंबू पडला आणि 'अलबेला' आला. आजोबांनी सांगितलं, ते मुंबईचे चाळे आणि साहेबाचा बँड, ते आपलं नव्हे. तिकडं कुणी फिरकायचं नाही. कुणी फिरकलंही नाही. पण उन्हाळ्यात सगळी माणसं निजायला माळवदावर जायची, आणि लाउडस्पीकरला आजोबांचा हुकूम लागू नव्हता. आत्यानं तो चित्रपट रोज रात्री, आडवं पडून, डोळे मिटून ऐकला. कुठल्या गाण्यानंतर भांडण आहे, कुठं रीळ तुटायचं आणि लोक शिट्ट्या मारायचे, ते सगळं तिला पाठ. पाहिलेला मात्र नाही. आजतागायत नाही.

"पुढं तर सरकारचंही मत तुमच्या आजोबांसारखंच झालं," भाऊजी म्हणाले. ते खरं आहे. १९५२ साली केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. हार्मोनियमवर तर तिथं आधीपासूनच बंदी होती. ऐकणारे उठले आणि रेडिओ सिलोनला जाऊन बसले.

मी आत्याला म्हटलं, "आत्या, ज्याची ती गाणी, तो पुणतांब्याचा."

"कुठल्या पुणतांब्याचा?"

"आपल्याच. राहुरीहून रेल्वेनं बेलापूर सोडलं की पुढं येतं ते."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "म्हणजे आपलंच होतं की."

पुढच्या रविवारी गाडी निघाली. कागदोपत्री कारण, तांत्रिक संशोधन. गाडीत भाऊजी आणि आत्या, मागून माझ्या साध्या गाडीत मी आणि ताई. आत्यानं कानाला मफलर गच्च बांधला होता, म्हणजे ऐकू यायची जी काय शक्यता होती तीही संपली. पण काच आडवी पाडायला तिनं मोडता घातला नाही. राहुरीला गाडी थांबवा म्हणाली नाही. कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडल्यावर इंजिन तापलं म्हणून थांबलो, तेव्हा चहाच्या पेटीतून 'अलबेला'तली अंगाई चालली होती. गाडी उभी असल्यामुळे ती प्रथमच नीट ऐकू आली. चहावाला स्पीकर शोधत पेटीच्या मागं डोकावत होता. आत्या त्याला म्हणाली, "गप उभा राहा, आता ती सुरू करते." आणि बरोब्बर त्याच क्षणी लताबाई आल्या.

पुणतांब्याला चांगदेवांच्या समाधीपाशी गाडी लावली. पोरं जमली. २०१७चा शेतकऱ्यांचा संप इथूनच उठला, त्यामुळे गावाला फोटोग्राफरांची सवय आहे. पोरांनी आपणहून रांगा लावून फोटो काढून घेतले. एकानं गाडी किती जुनी म्हणून विचारलं. भाऊजींनी सालवार माहिती द्यायला घेतली. आत्या समाधीकडे बघत म्हणाली, "हे वाघावर बसून आले, ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली. जावईबापू, भिंत कितव्या सालची होती हो?"

निघताना तिनं फर्मावलं, "आता ती तुतारी पुरे. तो ज्ञानेश्वराचा सिनेमा आहे ना, त्यातलं लावा."

आम्ही भाऊजींच्या तोंडाकडे पाहू लागलो. त्यांनी खिशातून वही काढली, चष्मा चढवला, रकान्यावरून बोट फिरवलं. चित्रपट १९४०, गाडी १९५१. अकरा वर्षांचं अंतर.

"एकावन्न साली चाळीसची तबकडी घरात असू शकते," ते सावकाश म्हणाले. "आधीचं चालतं. नंतरचं नाही."

राहात्याला पेट्रोल भरलं. दोन लिटर.