दोन याद्या

शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ते साल 1656. वर्गात हे साल मी किती वेळा फळ्यावर लिहिले असेल! त्याच वर्षी तिकडे ॲम्स्टरडॅममध्ये रेम्ब्राँ नावाच्या चित्रकाराचे दिवाळे निघाले होते, हे मात्र मला कळले ते लेकीकडे गेलो तेव्हा, वयाची सत्तरी ओलांडल्यावर.

पहिल्या दिवशी राइक्सम्युझियम पाहिले. तिथे गर्दी एकाच चित्रापुढे, 'नाइट वॉच'पुढे. रेम्ब्राँने ते 1642 मध्ये पुरे केले. 1715 मध्ये ते नगरगृहात हलवले, तेव्हा भिंतीवर बसेना म्हणून चारही बाजूंनी चक्क कापले! दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर चित्र शहराबाहेर नेले, पुढे गुंडाळी करून मास्त्रिख्तजवळच्या चुनखडीच्या गुहांत ठेवले आणि 1945 मध्ये ते सुखरूप परत आले. संग्रहालयाच्या लोकांनी काळजी घेतली, तिचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

दुसऱ्या दिवशी वॉटरलूप्लाइनचा बाजार. आपण ज्याला जुना बाजार म्हणतो तोच हा. जुने कोट, पितळी कुलुपे, कान तुटलेले कप, कुणाकुणाच्या घरातले फोटो. आमच्या सौभाग्यवतींनी एका अडकित्त्यासारख्या वस्तूवरून मराठीतच घासाघीस केली आणि दुकानदाराला ती कळलीही! (वस्तू अक्रोड फोडायची निघाली.)

या बाजारापासून हाकेच्या अंतरावर रेम्ब्राँचे घर आहे. 1639 मध्ये त्याने ते तेरा हजार गिल्डरना घेतले, बरेचसे उधारीवर. गृहस्थाला लिलावात वस्तू घेण्याचा भारी नाद. कर्ज फिटेना, तेव्हा कारकुनांनी खोलीखोलीतून फिरून यादी केली. तिच्यात 363 नोंदी आहेत: रोमन सम्राटांचे पुतळे, शिंपले, शस्त्रे, चित्रांच्या वह्या. याच सुमारास त्याने मोगल लघुचित्रांवरून रेखाटने केली. जहांगीर, शहाजहान त्याच्या कागदावर उतरले. डच कंपनीची वखार सुरतेला होती, आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. सामान विकले गेले, घर गेले, पण यादी राहिली. आज त्या घराचे संग्रहालय आहे आणि खोल्या लावल्या आहेत त्या यादीवरूनच.

ही वस्ती तेव्हापासूनच ज्यूंची. 1882 मध्ये दोन कालवे बुजवून वॉटरलूप्लाइनचा चौक झाला आणि ज्यू फेरीवाल्यांच्या हातगाड्या तिथे आल्या. 1941 च्या फेब्रुवारीत जर्मन पोलिसांनी याच भागातून चारशेच्या आसपास ज्यू तरुणांना पकडून नेले. त्याच्या निषेधार्थ 25 फेब्रुवारीला ट्रामवाले, गोदी कामगार, कारखान्यांतले लोक संपावर गेले. व्यापलेल्या देशात, बंदुकीच्या नळीसमोर! दोन दिवसांत संप मोडला. बाजाराजवळच गोदी कामगाराचा धिप्पाड पुतळा आहे. तिथे मी जरा वेळ उभा राहिलो.

पुढच्या वर्षापासून घरे रिकामी होऊ लागली. माणसांना नेले की माणसे येत आणि घरातल्या सामानाची यादी करीत. इतक्या खुर्च्या, इतक्या चादरी, एक घड्याळ. मग पुल्स नावाच्या कंत्राटदाराच्या गाड्या येऊन सारे उचलत. ॲम्स्टरडॅमकरांनी त्याच्या नावावरून लुटण्याला क्रियापदच केले, 'पुल्सन'. पुष्कळसे सामान जर्मनीला गेले. नेदरलँड्समधल्या सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी लाखाहून अधिक मारले गेले. 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात गोठलेल्या शहराने या रिकाम्या घरांची तुळयादारे जळणासाठी काढून नेली.

रेम्ब्राँच्या यादीवरून त्याच्या खोल्या पुन्हा लावता आल्या. या दुसऱ्या याद्यांवरून कुणाच्या खोल्या लावायच्या? युद्धानंतर बाजार पुन्हा भरू लागला, पण विकणारे दुसरे होते. 1980 च्या दशकात चौकाचा बराच भाग नव्या नगरगृहाने आणि ऑपेरागृहाने व्यापला. उरलेल्या जागेत हातगाड्या उभ्या असतात.

लेक म्हणाली, "बाबा, काही घ्यायचंय का?" जुन्या फोटोंची एक पेटी होती, एकेक फोटो सुटा विकायला. मी दोन-चार पाहिले. कुणाच्याच मागे नाव लिहिलेले नव्हते. परत ठेवले.