माणिक आणि हृदय : एका तांबड्या औषधाचा इतिहास

१/ इटलीतील कास्तेल देल मोंते हा १३व्या शतकातील किल्ला. १९५०च्या दशकात त्याच्या परिसरातील मातीत एक जिवाणू सापडला. त्याच्यापासून डॉनोरुबिसिन हे कर्करोगावरील तांबडे औषध मिळाले. ‘डॉनी’ ही तेथील प्राचीन जमात. ‘रुबी’ म्हणजे माणिक.

२/ त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणाने पुढे डॉक्सोरुबिसिन दिले. परंतु कर्करोगातून सावरलेल्या काहींचे हृदय उपचारानंतर निकामी होऊ लागले.

३/ १९७९ साली व्हॉन हॉफ व सहकाऱ्यांनी सुमारे ४,००० रुग्णांच्या नोंदी तपासल्या. धोका एकेका मात्रेपेक्षा साऱ्या मात्रांच्या बेरजेत दडला होता.

४/ आज ही बेरीज मांडूनच पुढची मात्रा ठरते. कुणीतरी दप्तर नीट राखले, म्हणून पुढच्यांची हृदये राखता आली.