मनाचे डॉक्टर शिकले कुठे?

आजचा एपिसोड माझ्या धाकट्या बहिणीमुळे झालाय. ती एमबीबीएसची इंटर्न आहे. सायकिॲट्रीची पोस्टिंग फक्त दोन आठवडे. पहिल्याच रात्री फोनवर म्हणाली, "दादा, दिवसभर जुन्याच गोळ्या रिपीट लिहिल्या. एकाही पेशंटशी नीट बोलले नाही रे." आमच्या आयटीत नव्या पोरालासुद्धा प्रोडक्शनला हात लावू देण्याआधी कुणीतरी शेजारी बसवून घेतं. इथे तर समोर माणूस आहे! म्हटलं, बघूया, आपल्या देशात तरुण डॉक्टरांना हा विषय शिकवायला सुरुवात तरी कशी झाली.

तर चला रांचीला. १९१८ साली तिथल्या कांके भागात मनोरुग्णांचं एक इस्पितळ उघडलं. कुणासाठी? फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी. पुढच्याच वर्षी ओवेन बर्कली-हिल नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर तिथे प्रमुख म्हणून आला. माणूस खटपट्या. 'असायलम' हा शब्द जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' यावा म्हणून तो सरकारच्या मागे लागला. १९२२ साली हे इस्पितळ मानसोपचाराच्या डिप्लोमासाठी थेट लंडन विद्यापीठाशी जोडलं गेलं. म्हणजे गंमत बघा, शिकायची सोय भारतात, परीक्षा लंडनची, आणि वॉर्डात पेशंट गोरे! भारतीय रुग्णांचं वेगळं इस्पितळ तिथेच कांकेला १९२५ साली आलं.

बाकी देशात काय होतं? बहुतेक ठिकाणी उंच भिंती. १९४६ च्या भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशभरातली मनोरुग्णालयं पाहिली. यातल्या बहुतेक इमारती माणसाला बरं करायला नाही, डांबून ठेवायला बांधल्यात, असा त्यांच्या अहवालाचा सूर. चाळीस कोटींच्या देशात खाटा सुमारे १०,०००. आता सांगा, अशा जागी ज्युनिअर डॉक्टर काय शिकणार? त्याला दिसणार फक्त वर्षानुवर्षं आत पडलेला पेशंट. ज्याला नुकतीच झोप लागेनाशी झालीय, असा माणूस त्या भिंतीच्या आत येणारच नाही ना!

म्हणून मला या गोष्टीतला खरा हीरो वाटतो तो म्हणजे ओपीडीचा साधा बाक. १९३३ साली कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी आजच्या आर. जी. कर कॉलेजच्या इस्पितळात मानसोपचाराचा विभाग सुरू केला. जनरल हॉस्पिटलमधला देशातला पहिला. १९३८ साली मुंबईत डॉ. मसानी यांनी जे. जे. मध्ये तेच केलं. पुढे केईएममध्ये डॉ. वाहिया आले. ताप-खोकल्याच्या रांगेशेजारीच मनाच्या आजाराची रांग लागली, आणि विद्यार्थ्याला भिंत न ओलांडता पेशंट भेटायला लागला.

भोर समितीच्या शिफारशीतून १९५४ साली बंगळुरात ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ सुरू झाली. पहिले संचालक एम. व्ही. गोविंदस्वामी. लंडनच्या दारात न जाता इथल्या इथे डिप्लोमा, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या जोडीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही तिथेच तयार होऊ लागले. हीच संस्था १९७४ साली निम्हान्स झाली.

पण माझी आवडती गोष्ट अमृतसरची. १९५० च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात चक्क तंबू ठोकले, आणि पेशंटच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावलं. माणूस घरी कसा वागतो, कधी बिघडतो, काय केलं की शांत होतो, हे केसपेपरवर थोडंच असतं? ते आईला माहीत असतं, बायकोला माहीत असतं.

ही गोष्ट मी बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवली. निळी टिक आली, उत्तर नाही. दोन दिवसांनी मात्र तिचाच फोन. ओपीडी संपल्यावर ती बाहेर बाकावर एका पेशंटच्या आईशेजारी जाऊन बसली होती. अर्धा तास. "दादा, फाइलमध्ये लिहिलंय की गोळ्या घेत नाही. अरे, तो घेतो! रात्रपाळीला झोप येते म्हणून फक्त त्या आठवड्यात बंद करतो." तिने ते सिनियरना सांगितलं. त्यांनी गोळीची वेळ बदलली, आणि दुसऱ्या दिवशी तिला शेजारी खुर्ची दिली.

आता तिला याच शाखेत पीजी करायचंय. बाबा अजून गप्प आहेत.